झोपेत येणाऱ्यांची नोंद

३ सप्टेंबर

ताई,

मोठा नमस्कार दाजींना, लहान तुला, आणि ठकूचा गालगुच्चा माझ्या वतीनं तूच घे.

पत्ता बघून हसू नकोस. 'सफरचंदाच्या बागेतली पत्र्याची शेड, मोठ्या फाटकाजवळ' एवढं लिहिलं तरी पत्र पोचतं, कारण पोस्टमन याच वाटेनं जेवायला घरी जातो. माझा मोबाईल नदीत पडला. दुसरा घेईन कधीतरी, पण खरं सांगू का, पत्रच बरं. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी रेंज गेल्याचं सोंग करतो. कागदावर तशी पळवाट नाही.

काम असं आहे. पोटाशी कापडी झोळी बांधायची आणि शिडीवर चढायचं. फळ ओढायचं नाही. तळहातात धरून जरासं वर उचलायचं, म्हणजे ते आपणहून सुटतं. ओढलं की देठ फांदीवर राहतो आणि मुकादम सात पिढ्यांचा उद्धार करतो. तो कुठल्या भाषेत करतो ते मला कळत नाही, त्यामुळे ऐकायला गोडच वाटतं. वारा सुटला की शिडी, झाड आणि मी एका लयीत हलतो. मग वाटतं, अख्खी बागच दोर सोडून निघाली आहे आणि मुकादमाला अजून कळलेलं नाही.

परवा दुपारी झोळी उशाला घेऊन पडलो, तर तुझं घर दिसलं. हिरव्या कठड्याचा जिना होता. वर एक खोली घोट्याएवढ्या कोमट पाण्यानं भरलेली, आणि दाजी खुर्चीवर पाय वर घेऊन काहीतरी वाचत होते, जणू रोजचंच आहे. तुझ्या जिन्याचा कठडा हिरवा आहे का गं?

काय सांगत होतो? हां. फळं आता संपत आली. त्या गर्दीच्या स्टेशनावर तुम्ही एका गाडीत चढलात आणि मी दुसरीत, त्याला वर्ष उलटलं. तेव्हापासून माझं तोंड तुमच्याच दिशेला आहे, फक्त पाय फाटे फोडतात. झाडं रिकामी झाली की निघतो.

तुझा
भिंगरी


२१ सप्टेंबर

भिंगरी,

आशीर्वाद. कठडा हिरवा नाही, साधा गंजका लोखंडी आहे. पण तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी ठकूनं तो खडूनं हिरवा करून ठेवला होता, आणि मी तिला ओरडत ओल्या फडक्यानं पुसत होते. पत्र वाचलं आणि फडकं हातातच राहिलं.

घर दोन खोल्यांचं आहे. सरकारनं दिलंय, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत. खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. सायकल तयार झाली की तो तिची घंटा वाजवून बघतो. दिवसभर कुठूनतरी कोणीतरी आल्यासारखं वाटत राहतं. नियम एकच कडक आहे, नोंद असलेल्या तिघांशिवाय चौथ्यानं इथे राहायचं नाही.

दाजींना निकालापर्यंत काम करायची परवानगी नाही. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस, आता साबणाच्या वेष्टनावरची अक्षरं बघून नाक मुरडतो. म्हणतात, यांना ओळीत जागा कशी सोडावी ते कळत नाही. तरी हसतात ते बरं आहे. आपला छापखाना जाळला तेव्हा महिनाभर हसले नव्हते.

तुझं अंथरूण घालते. आई असताना कसं, जो घरी नाही त्याचंही अंथरूण दिवा मालवायच्या आधी पडलंच पाहिजे, बाबा रात्रपाळीला असले तरी. इथे आल्यापासून ठकू झोपायचीच नाही, जिन्यावर पाय वाजले की दचकायची. मग तुझं अंथरूण खिडकीशी घालायला लागले आणि म्हटलं, मामा रात्री येऊन झोपतो, तू उठायच्या आत कामाला जातो. त्या दिवसापासून झोपते. सकाळी उठून मलाच सांगते, काल मामाच्या केसांना सफरचंदाचा वास होता.

तू ये. पण आमच्या अर्जाचं बघणाऱ्या वकीलबाई म्हणतात ते नीट ऐक. वाटेत कुठल्याही कचेरीत बोटांचे ठसे देऊ नकोस. ज्या देशात पहिल्यांदा ठसे दिले, तिथेच तुझा अर्ज चालतो आणि तिथेच तुला राहावं लागतं. इथे पोचायचं आणि इथेच बोटं द्यायची. आमची सुनावणी डिसेंबरात आहे. त्याआधी आलास तर आपण चौघं बरोबर जाऊ.

ताई


१० ऑक्टोबर

ताई,

निघालो होतो. खरंच निघालो होतो. स्टेशनाच्या वाटेवर एक म्हातारा हातगाडीवर पियानो घालून चालला होता, एकटाच. चढ होता म्हणून मी मागून ढकलायला लागलो. रस्त्यात खड्डा आला की आतून आपोआप एखादा सूर निघायचा, आणि म्हातारा मान डोलवायचा, जणू कोणी त्याच्यासाठी वाजवतंय. चढ संपला, उतार आला, मग एक पूल, मग दुसरं गाव. पियानो त्याच्या बहिणीच्या घरी पोचवला तेव्हा गाडी केव्हाच गेली होती. बहीण त्याला म्हणाली असेल, आलास एकदाचा. शब्द कळले नाहीत, सूर तोच होता, तुझा.

आता मी नदीच्या मुखाशी बोटींच्या यार्डात आहे. बोटी पाण्यातून वर काढून ठेवतात, उलट्या, आणि आम्ही पत्रीनं, म्हणजे धारदार लोखंडी पट्टीनं, त्यांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडतो. दुपारी त्याच बोटीच्या सावलीत झोपतो. बोटीखाली झोपलेल्या माणसाला स्वप्नं पाण्याचीच पडतात, त्याला माझा इलाज नाही.

ठकूला सांग, मामा मंगळवारी येईल. खिडकीची वरची कडी काढून ठेव म्हणावं. आणि म्हणावं, मामा हल्ली रात्रपाळीला असतो, दिवसा झोपलेला दिसला तर उठवू नकोस. सफरचंद आणीन, पण ती उठायच्या आत मीच खाऊन टाकीन.

थोडं काम झालं की निघतो. या वेळी कोणाचा पियानो ढकलणार नाही.

भिंगरी


२ नोव्हेंबर

भिंगरी,

हा कागद वकीलबाईंच्या कचेरीतला आहे. घरातला संपला आणि हातात लिहायला हेच होतं. वर त्यांचा पत्ता छापलाय, तो बघून दाजी म्हणाले शाई फार पातळ आहे. अशा दिवशीही त्यांना शाई दिसते.

मंगळवारी तपासनीस बाई आल्या. कळवून येत नाहीत. बरोबर दुभाष्या, आपलीच बोली बोलणारा. नळ बघितला, खिडकीची फट बघितली, ओल आहे का विचारलं. सगळं ठीक चाललं होतं. मग आतल्या खोलीत गेल्या. खिडकीशी तुझं अंथरूण, चादर ताणलेली, पांघरूण एका कोपऱ्याला दुमडलेलं. खिळ्याला तुझा निळा शर्ट, मी तिकडून येताना पिशवीत घालून आणलेला. खाली तुझ्या मापाच्या सपाता. इथे कोण झोपतं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ठकूनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. मामा रात्रपाळी करून आलाय."

दुभाष्यानं जसंच्या तसं सांगितलं. बाई खाली वाकल्या आणि उशीवर तळहात ठेवला. उशी गरम होती. तिच्यावर ऊन येतं, किंवा ठकू नुकतीच तिथून उठली असेल, मला काय माहीत. बाईंनी तिला विचारलं, मामा कसा येतो. खिडकीतून. कधी येतो. मंगळवारी. काय आणतो. सफरचंद. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि अर्धी उत्तरं तुझ्या पत्रांतली होती. दाजी समजवायला गेले आणि बोलता बोलता अडखळले. मला भीतीनं हसू फुटलं. बाईंना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून हसते.

आता त्यांच्या लेखी आम्ही तिघांच्या घरात चौथा माणूस लपवलाय. घर जाईल ते जाईलच. पण सुनावणीत म्हणतील, जी माणसं घरातल्या माणसाबद्दल खोटं बोलतात, ती जळलेल्या छापखान्याबद्दल तरी खरं कशावरून बोलत असतील? आणि परत पाठवलं तर दाजींचं तिकडे काय होईल, ते तुला वेगळं सांगायला नको.

वकीलबाई म्हणाल्या, भाऊ दुसऱ्या देशात आहे असा तिथल्या सरकारचा कागद मिळाला तर प्रश्नच मिटेल. तुझी पत्रं चालणार नाहीत, पत्र काय कोणीही कुठेही बसून लिहील. आणि सरकारी कागद म्हणजे बोटं. मी तिथल्या तिथे नाही म्हणाले. दुसरा काही मार्ग काढू. तू काही करू नकोस. आत्ता येऊ मात्र नकोस.

दाजी म्हणाले, अंथरूण गुंडाळ. मी गुंडाळलं. ठकू दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "मामा मेला का?"

मग मी ते परत घातलं.  उशीची खोळ एका बाजूला सरकली होती, ती दाजींनी तेवढी नीट केली.

ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

काळजी सोड. तुझ्या भावाची कुठे ओळख निघेल सांगता येत नाही. इथल्या सरकारी कचेरीतल्या एका साहेबाची छोटी बोट आमच्या यार्डात असते. तिचं पोट मीच खरवडलं, अगदी दाढी केल्यासारखं गुळगुळीत. तो खूश. त्यानं लिहून दिलं की हा माणूस इथेच आहे, शिक्का मारून. कागद वकीलबाईंना सरळ पाठवून दिलाय, तुझ्या कागदावर पत्ता होताच.

बोटांचं विचारशील म्हणून आधीच सांगतो, बोटं जागेवर आहेत, दहाच्या दहा. त्यांनीच हे लिहितोय.

ठकूला सांग मामा मेलेला नाही. त्याच्या वाटेत जरा जास्त पाणी आहे, एवढंच. काल स्वप्नात तुझ्या घराखालचा तो सायकलवाला दिसला. त्याच्या दुकानात सायकली नव्हत्या, नुसत्या घंटा होत्या, फळांसारख्या लटकलेल्या, आणि तो एकेक वर उचलून तोडत होता.

पुढचं पत्र यायला उशीर झाला तर बोटी जास्त आल्यात असं समज.

भिंगरी


९ डिसेंबर

भिंगरी,

मिळालं. राहायची परवानगी मिळाली. दाजींना कामाचीही. हे वाक्य मी आधी आरशासमोर म्हणून बघितलं, मग कागदावर लिहितेय.

सुनावणीची खोली लहानशी होती, खिडकीत निवडुंगाची कुंडी. तुझा कागद वकीलबाईंनी पुढे ठेवला. घर बघून गेलेल्या तपासनीस बाईंनाही बोलावलं होतं, त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग ठकूला जवळ बोलावलं. म्हणाल्या, तुझा मामा तर लांब आहे, या कागदात लिहिलंय, मग तुमच्या घरी कोण येतं?  आदल्या दिवशी दाजी ठकूला पढवायला बसले होते, पण त्यांना ते जमलं नाही. मामा येत नाही असं म्हण, हे त्यांच्या तोंडून निघेना. मलाही जमलं नाही.

ठकू म्हणाली, "मामाच येतो. तो झोपेत येतो. झोपेत तिकडून इकडे यायला वेळ लागत नाही."

दुभाष्यानं आधी बाईंकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मग हळूहळू सांगितलं. बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. शेवटी त्यांनी दुभाष्याला सांगितलं, आणि त्यानं आम्हाला.

"झोपेत येणाऱ्यांची नोंद आम्ही करत नाही."

दाजी रस्त्यानं येताना प्रत्येक पाटीसमोर थांबत होते. एका छापखान्याच्या दारात दहा मिनिटं उभे राहिले, नुसता वास घेत. सोमवारी विचारायला जाणार आहेत. आणि तू आता ये. फाटे पुरे झाले. अंथरुणावर एकदा खरा पाय पडू दे.

२० डिसेंबर

वरचं पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं असं समजू नकोस. ते गेलं, ही त्याची नक्कल आहे. तुझं उत्तर आलं नाही म्हणून तेच पुन्हा पाठवणार होते आणि खाली चार शिव्या लिहिणार होते, की असेल कुठेतरी कोणाचा पियानो ढकलत. पण आज आभार मानायला वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, भावाच्या त्या साहेबाचे उपकार झाले. त्या म्हणाल्या, कुठले साहेब?

तो कागद कोणा बोटवाल्या साहेबाचा नव्हता. तू ठसे दिल्याची नोंद होती. मला ती भाषा वाचता येत नाही म्हणून कळलं नाही, आणि त्यांना वाटलं की मला माहीत आहे. आता तुझा अर्ज तिथेच चालणार, तुला त्या गावाबाहेर राहता येणार नाही, आणि इथे आलास तरी उचलून परत तिथेच नेऊन सोडतील.

मी नाही म्हणाले होते ना? तुला विचारलं होतं कोणी? जन्मात एका जागी बूड टेकलं नाहीस, आणि टेकायचं ठरवलंस ते माझ्यापासून एवढ्या लांब.

दाजींना सांगितलं. ते खाली गेले आणि सायकलवाल्याच्या दुकानासमोर उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. सायकलवाल्यानं त्यांना बसायला डबा दिला.

लिही. खरं लिही.

ताई


४ जानेवारी

ताई,

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. पहिलं यार्डात पडून होतं, आणि मी आता तिथे नसतो. खरं लिही म्हणालीस, तर लिहितो, मधेच कुठे गेलो तर ओढून आण.

तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं, त्यातला ठकूचा तो प्रश्न वाचला आणि खरवडायची पत्री खाली ठेवली. कचेरी यार्डापासून लांब नाही. तिच्यासमोर एक बाक आहे, त्यावर बसलो. बाकाशेजारी कबुतरं होती, त्यातलं एक लंगडं, पण त्यालाच सगळ्यात जास्त दाणे मिळत होते, कारण, जाऊ दे. आत गेलो. एक काच असते, तिच्यावर हात ठेवायचा. खालून हिरवा उजेड येतो आणि आपली बोटं आपल्यालाच पाण्याखाली असल्यासारखी दिसतात. काच गार असते. तिथल्या माणसानं दुभाष्याकरवी विचारलं, इथेच राहायचंय? ताई, मला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. नाही म्हणणार होतो, सवयीनं. हो म्हणालो.

तुला साहेबाची गोष्ट रचून सांगितली, कारण तू खरं कळल्यावर कागद वकीलबाईंना दाखवू दिला नसतास. दिला असतास का?

आता राहायला एका मोठ्या इमारतीत आहे, आमच्यासारखीच माणसं. दर आठवड्याला कचेरीत जाऊन सही करायची. पैशाचं काम अजून करता येत नाही, म्हणून इमारतीच्याच धुलाईघरात मदत करतो. मोठ्या चादरींची घडी एकट्यानं होत नाही. समोरच्या टोकाला एक आडदांड गडी असतो. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही. दोघांनी चादर ताणायची, झटकायची, आणि मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे जायचं, परत यायचं. दिवसातून कितीदा तरी असा मी त्याच्याकडे जातो आणि तो माझ्याकडे येतो. पहिले काही दिवस पाय फार वळवळले. संध्याकाळी गाव संपतं तिथपर्यंत चालत जायचो. तिथे गावाच्या नावाची पाटी आहे. तिच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते बघायला एकदा डोकं पुढे काढलं, पाय अलीकडेच ठेवून. काही लिहिलेलं नाही. दाजींना सांग, मागची बाजू कोरी आहे, तुमच्या कामाची.

तू चिडलीस ते बरोबर आहे. पण चिडून झालं की शांतपणे एक विचार कर. मला तिकडे येता येत नाही. तुम्हाला आता कागद मिळालेत, तुम्हाला कुठेही जाता येतं. आजवर तुम्हीच थांबायचं आणि मी कुठूनतरी यायचं, असंच चाललं होतं. आता एकदा मी थांबतो, तुम्ही या. मला खोली आहे, ताई. लहान आहे, खिडकीतून धुलाईघराचं धुरांडं दिसतं, सकाळी त्यातून वाफ निघते आणि काचेवर येऊन बसते. त्या वाफेवर मी बोटानं काहीबाही काढतो. ठकूला पुरेल एवढी काच आहे.

इथे भेटायला येणाऱ्यांची नावं आधी खाली खिडकीवर द्यावी लागतात. काल देऊन आलो, तिघांची. तिथे एक बाई बसते, माझं मोडकंतोडकं बोलणं समजून घेते. तिनं विचारलं, कधी येणार? म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, तारखेशिवाय मी लिहू कसं? म्हटलं, पेन्सिलीनं लिहा. तिनं पेनाला टोपण लावलं, टेबलाखालचे दोन खण उघडले, पेन्सिल शोधली, तिला टोक नव्हतं, मग टोक केलं, आणि लिहिलं.

तारीख कळव.

भिंगरी